अटी नाकारणारी पंडिता

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे एक स्थानक लागते. गाडी तेथे क्षणभर थांबते, भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या कॅन चढतात-उतरतात आणि गाडी पुढे निघते. या स्थानकापासून जवळच असलेल्या ‘मुक्ती मिशन’च्या आवाराकडे रोजच्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांचे लक्ष जात असेल. मात्र स्त्री-अभ्यास, शिक्षणाचा इतिहास आणि वसाहतोत्तर अभ्यास या विषयांवर गेल्या तीन दशकांत देशोदेशीच्या विद्यापीठांत जी व्याख्याने होत आली आहेत, त्यांत या केडगावचे आणि तेथे देह ठेवलेल्या एका मराठी विदुषीचे नाव हमखास येते. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

ज्या पुण्याने त्यांना प्रथम डोक्यावर घेतले आणि मग जवळजवळ वाळीत टाकले, त्या पुण्यात त्यांचे नाव आजही काहीशा अवघडलेपणाने घेतले जाते. सुधारकांच्या यादीत त्या असतात. पण यादीच्या शेवटाकडे. ख्रिस्ती समाजात त्यांच्याविषयी आदर आहे; पण तेथे त्यांचे संस्कृत पांडित्य आणि बंडखोरी यांपेक्षा त्यांची भक्तीच पुढे केली जाते. अभ्यासकांनी त्यांना नव्याने शोधून काढले खरे, तथापि ज्याला जी रमाबाई हवी ती त्याने उचलली असेही काही वेळा दिसते. याचे कारण रमाबाईंच्या आयुष्यातच आहे. ज्यांनी-ज्यांनी त्यांचा सन्मान केला, त्यांनी-त्यांनी त्या सन्मानाला एखादी अट जोडली होती. आणि रमाबाईंनी बहुतेक वेळा अट नाकारून काम तेवढे चालू ठेवले.

या कथेची सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागते. अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन कुळातले विद्वान. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत असताना गुरूंबरोबर पेशव्यांच्या वाड्यात जाण्याचा योग आला. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. एक स्त्री शुद्ध संस्कृत म्हणते आहे, हे त्या तरुण शिष्याने कानांनी ऐकले आणि आपल्या घरातही असेच व्हावे, हा ध्यास घेतला. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी तो सिद्धीस जाऊ दिला नाही. तिच्या निधनानंतर पैठणला गोदावरीच्या काठी एका यात्रेकरूशी गाठ पडली आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी लक्ष्मी हिच्याशी अनंतशास्त्र्यांचा विवाह झाला. शास्त्रीबुवा तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. स्त्रीशिक्षणाचा हा आद्य पुरस्कर्ता बालविवाहाच्या रूढीतूनच आपली शिष्या मिळवतो, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. पण लक्ष्मीबाई खरोखरच शिकल्या. बायकोला देवभाषा शिकवल्याबद्दल उडुपी येथे शास्त्र्यांच्या सभेपुढे उभे राहून अनंतशास्त्र्यांना आपल्या कृतीचे समर्थन शास्त्राधारे करावे लागले. त्यानंतर ते सह्याद्रीच्या दाट अरण्यात, तुंगा आणि भद्रा या नद्यांचा उगम जेथे आहे त्या गंगामूळ येथे आश्रम बांधून राहिले.

तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. अतिथी आणि शिष्य यांच्या खर्चाने आश्रम कर्जात बुडाला होता. मूल सहा महिन्यांचे असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला आणि वेताच्या पेटाऱ्यात घातलेली ही तान्ही मुलगी डोंगरावरून खाली आणली गेली. पुढची सुमारे सोळा वर्षे तिला घर असे नव्हतेच. एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर जायचे, देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचे आणि श्रोते जी दक्षिणा, धान्य देतील त्यावर गुजराण करायची, हा क्रम. या वाटेवरच आईने मुलीला संस्कृत शिकवले. भागवतातील हजारो श्लोक रमाबाईंना लहान वयातच मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीचा बालविवाह दु:खाचा ठरल्याने शास्त्रीबुवांनी धाकटीचे लग्न लावण्याची घाई केली नाही. रमाबाईंच्या आयुष्यातील पहिली मोकळीक ती हीच.

मग १८७० च्या दशकातला दक्षिणेतील दुष्काळ आला. पुराण ऐकायला माणसे उरली नाहीत. जवळचे दागिने, भांडी विकून झाली. मोलमजुरी करण्याची सवय नव्हती, आणि ब्राह्मण्याच्या अभिमानामुळे भीकही मागवत नव्हती. रानातला पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. आधी वडील गेले, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण कृष्णाबाई. आईच्या पार्थिवाला खांदा द्यायला दोनच ब्राह्मण पुढे आले. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासचा. चौथा रमाबाईंचा, पण त्यांची उंची इतकी कमी की तिरडीचा दांडा खांद्यावर न घेता त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. या मुलीने पुढे दुष्काळात उपाशी मरणाऱ्या शेकडो मुलींना गाड्यांत घालून आपल्याकडे का आणले, हे समजण्यासाठी एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

उरलेली दोन भावंडे उपाशीतापाशी, बहुतांशी पायी, अर्धा हिंदुस्थान तुडवून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, थक्क झाले आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या बहाल केल्या. वर्तमानपत्रांत नाव गाजले. आता पंडितमंडळींची इच्छा अशी, की रमाबाईंनी पडद्यातील स्त्रियांपुढे शास्त्रोक्त स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावीत. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रांचा अभ्यास सुरू केला आणि तेथेच मेख निघाली. एरवी एकमेकांशी न जुळणारी शास्त्रे एका बाबतीत मात्र एकमुखी आहेत, ती म्हणजे स्त्री ही स्वभावत: हीन आणि मोक्षाला अपात्र, हे त्यांच्या ध्यानात आले. ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवून ती वाचण्याचा आग्रह केला, तेव्हा स्त्रियांना वेद वर्ज्य असल्याने त्या आधी संकोचल्या. मग वाचू लागल्या. ज्या विद्येमुळे सन्मान मिळाला त्या विद्येनेच त्यांच्या श्रद्धेला तडा दिला.

१८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी सिल्हेटचे वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर बंगाली, त्यातून ब्राह्मणेतर, वधू चित्पावन. दोन्हीकडून बहिष्कार हा ठरलेलाच. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. तान्ह्या मुलीला घेऊन, ज्या भाषेत आई बोलत असे त्या भाषेच्या मुलखात, पुण्याला त्या आल्या.

पुण्यातले ते वर्ष विलक्षण धामधुमीचे होते. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारकांनी स्वागत केले. ‘आर्य महिला समाज’ स्थापन झाला. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे या पंडिताबाईंच्या सोबतीने इंग्रजी शिकू लागल्या आणि त्यावरून रानड्यांच्या घरातील वडीलधाऱ्या बायकांनी जे रामायण घडवले, ते त्यांच्या आत्मचरित्रात वाचायला मिळते. याच वर्षी पंडिताबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आले. आज ते वाचताना थोडे निराश व्हायला होते. स्त्रियांच्या अवनतीचा बराचसा दोष ते स्त्रियांच्याच आळसावर आणि अज्ञानावर ठेवते. रमाबाई जन्मत: बंडखोर नव्हत्या, हे त्यावरून कळते. त्या विचार करीत पुढे गेल्या, आणि तो प्रवास त्यांच्या पुस्तकांत टप्प्याटप्प्याने नोंदला गेला आहे.

सप्टेंबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. मराठीत दिलेल्या या साक्षीत त्यांनी शिक्षिकांना योग्य प्रशिक्षण आणि अधिक वेतन मागितले. शिकलेल्या पुरुषांपैकीही बहुतेकांचा स्त्रीशिक्षणाला विरोधच असतो, हे सुनावले. आणि पुरुष वैद्याला नाडी न दाखवता मरणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, हा मुद्दा ठासून मांडला. या साक्षीचा पडसाद राणी व्हिक्टोरियापर्यंत गेला आणि १८८५ मध्ये सुरू झालेल्या लेडी डफरिन निधीमागे तिचाही वाटा होता, असे मानले जाते.

स्वत: डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. मिशनच्या पैशाने जायचे नाही, म्हणून प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचा आधार घेतला. वाँटेज येथील अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात राहायचे आणि राहण्या-जेवणाच्या बदल्यात पुण्याला येऊ घातलेल्या सिस्टर्सना मराठी शिकवायचे, असा व्यवहार ठरला होता. धर्मांतर करणार नाही, हे त्यांनी निघताना सांगितले होते. परंतु २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास त्यांची सहप्रवासी आनंदीबाई भगत हिने विष घेऊन जीवन संपवले होते. परमुलखात या दोन घटनांचा एकमेकींशी काय संबंध होता, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. रमाबाई त्या मृत्यूने मुळापासून हादरल्या होत्या, एवढे निश्चित.

पुण्यात संताप उसळला. सुधारकांना तोंड दाखवायला जागा उरली नाही, सनातन्यांना आयते कोलीत मिळाले. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या मोजक्यांत जोतीराव फुले होते. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी या धर्मांतराचा कैवार घेतला. ज्या धर्माने स्त्रीला आणि शूद्राला एकाच पायरीवर बसवले, तो एका विदुषीने सोडला यात फुल्यांना नवल वाटण्याचे कारण नव्हते.

धर्मांतर केलेली रमाबाई तरी आज्ञाधारक निघाली काय? येथेच त्यांच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत रोचक प्रकरण सुरू होते. कानाने कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीचे शिक्षण हुकले. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे डोरोथिया बील या प्राचार्या होत्या. रमाबाई गणित, विज्ञान, इंग्रजी शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी तरुण पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघताच हिंदुस्थानातील दोन बिशपांनी, लाहोरच्या आणि मुंबईच्या, हरकत घेतली. एका हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिची पत राहणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. रमाबाईंनी पत्रातून खरमरीत उत्तर दिले. कलकत्त्यात भरसभेत पंडितांपुढे बोललेल्या बाईला हिंदुस्थानात काय चालते आणि काय नाही हे इंग्रज धर्माधिकाऱ्यांनी सांगावे, हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

पुढे वाद वाढतच गेले. धर्ममाता म्हणवणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंचे शाकाहारी राहणे म्हणजे जातीचा उरलेला ताठा वाटे. रमाबाईंच्या लेखी तो आपल्या माणसांशी राखलेला धागा होता. तो त्यांनी अखेरपर्यंत राखला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, ती आपल्या देशातील भगिनींना कळणार नाहीत. लिहायचेच तर संस्कृतात लिहा, असा त्यांचा आग्रह होता. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, तेव्हा पटत नाही असे त्यांनी लिहून कळवले. येशू स्वीकारला म्हणून चर्चचा हुकूम स्वीकारला असे नव्हे, हा या साऱ्या पत्रव्यवहाराचा इत्यर्थ. सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेली ही पत्रे अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. गौरी विश्वनाथन, अँटॉइनेट बर्टन यांच्यासारख्या अभ्यासकांनी साम्राज्य आणि धर्मांतर यांविषयी १९९८ मध्ये जे ग्रंथ लिहिले, त्यांत या पत्रांना मध्यवर्ती स्थान आहे. साम्राज्याच्या मायघरी बसून, साम्राज्याच्याच धर्मपीठाशी, त्यांच्याच भाषेत हुज्जत घालणारी वसाहतीतील स्त्री त्या कागदांत जिवंत सापडते.

मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाई रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. पदवीदानाच्या समारंभासाठी अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी बोलावल्यावरून रमाबाई अमेरिकेला गेल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. आनंदीबाई मायदेशी परतून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात अकाली वारल्या. त्याच वर्षी रमाबाईंचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. बालपण, विवाह, वैधव्य अशा क्रमाने उच्चवर्णीय स्त्रीच्या जगण्याचे असे थंड डोक्याने केलेले विच्छेदन तोवर कुणा हिंदी स्त्रीने इंग्रजीत केलेले नव्हते. मुंबईत तेव्हा रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी लावलेला विवाह न मानणाऱ्या या तरुणीला नवऱ्याकडे जा, नाही तर तुरुंगात जा, असा निकाल मार्च १८८७ मध्ये मिळाला. रमाबाईंनी पुस्तकात त्यावर जे भाष्य केले ते आजही झोंबते. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील पुरुषांशी एक करार केला आहे आणि एका निराधार स्त्रीला वाऱ्यावर सोडून ते केवळ तो करार पाळते आहे, असा त्याचा आशय होता. परकी सत्ता आणि घरातली सत्ता एकमेकींना सांभाळून घेतात, हे वसाहतोत्तर अभ्यासातील प्रमेय म्हणून आज वर्गात शिकवले जाते. ते एकोणतीस वर्षांच्या एका मराठी विधवेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दोन-चार ओळींत मांडून ठेवले होते.

अमेरिका त्यांना मनापासून आवडली. इंग्रजांचे जोखड झुगारून दिलेला तो देश. तेथे त्या गावोगावी फिरल्या, व्याख्याने दिली, फ्रान्सिस विलर्ड यांच्या दारूबंदी चळवळीशी जोडल्या गेल्या, फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकल्या. परतल्यावर १८८९ मध्ये आलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे मराठी पुस्तक म्हणजे निव्वळ प्रवासवर्णन नाही. तेथील स्त्रियांच्या संस्थांचे कौतुक करताना मूळ रहिवाशांवरील अत्याचार आणि कातडीच्या रंगावरून होणारा भेद त्यांनी झाकून ठेवला नाही. एखाद्या हिंदी व्यक्तीने पाश्चात्त्य समाजाला असे तपासून पाहावे, ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. मराठी प्रवासलेखनाच्या चर्चेत या पुस्तकाला मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही, हे आमचे मत.

डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. उच्चवर्णीय बालविधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे या संस्थेने मान्य केले. शाळेत कोणताही धर्म शिकवायचा नाही, हे तत्त्व ठरले. त्यानुसार ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर ‘शारदा सदन’ उघडले. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून हजर होत्या, त्यांत रमाबाई होत्या. सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला हलले. स्वयंपाकापाण्यात सोवळेओवळे पाळण्याची मुभा मुलींना होती. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या चौथ्या वर्धापनदिनीच, तिचा पुनर्विवाह प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली.

पुनर्विवाहाने पुणे खवळले. पण खरा स्फोट त्याच वर्षी दुसऱ्या कारणाने झाला. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. काही विद्यार्थिनी आत येऊन बसू लागल्या. काहींना त्या धर्माची ओढ वाटू लागली. ‘केसरी’ने आधीपासूनच तोफ डागली होती. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर प्रभृतींनी राजीनामे दिले. पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या.

रमाबाईंनी शब्द मोडला काय? या प्रश्नाला टाळून त्यांचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दार बंद करून प्रार्थना करावी, ही अपेक्षा सल्लागारांच्या बाजूने अवाजवी नव्हती. मुली अल्पवयीन होत्या, निराधार होत्या, आणि ज्या बाईने त्यांना छाया दिली तिचा धर्म त्यांना जवळचा वाटणे अगदी स्वाभाविक होते. हे रमाबाईंना कळत नसेल असे म्हणवत नाही. दुसऱ्या बाजूने, धर्म न शिकवण्याचे वचन म्हणजे स्वत:चा धर्म लपवण्याचे वचन नव्हे, हा त्यांचा मुद्दाही खोटा नाही. आपापल्या धर्माप्रमाणे पूजाअर्चा करण्याची मोकळीक हिंदू मुलींना सदनात होतीच. आणि मुली घरी नेणाऱ्यांनी त्या मुलींचे पुढे काय केले? घराघरांतल्या माजघरात, मुंडण केलेल्या डोक्यावर आलवणाचा पदर ओढून, त्या पुन्हा धुणीभांडी करू लागल्या असतील, असाच तर्क करावा लागतो. पुण्यापाशी तेव्हा दुसरे सदन नव्हते. ते उभे राहायला १८९६ उजाडले, जेव्हा कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. सदनातली पहिली विद्यार्थिनी घरात असताना आणि तिचा अनुभव गाठीशी असताना कर्व्यांनी हे काम हाती घेतले. त्याच कार्याचा विस्तार होत १९१६ मध्ये देशातील पहिले महिला विद्यापीठ अवतरले, ज्याला पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या इतिहासात कर्वे ठळक आहेत, ते योग्यच आहे. त्या इतिहासाचा एक धागा चौपाटीवरच्या सदनापर्यंत मागे जातो, याची आठवण मात्र क्वचित होते.

बॉस्टनच्या संस्थेने साथ सोडली नाही, पण पुण्यातील प्रतिष्ठितांचे दार कायमचे बंद झाले. रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. विहीर खणून तेथे मळा केला होता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वत: तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. म्हणून केडगावच्या मळ्यात राहुट्या ठोकल्या. ‘मुक्ती’ची सुरुवात ही अशी झाली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी शेकडो जणी आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

प्लेगच्याच काळात त्यांनी सरकारलाही सोडले नाही. पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत बायकांची होणारी हेळसांड त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून वेशीवर टांगली. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना खुलासा करावा लागला. रमाबाई इंग्रजांच्या आश्रयाला गेल्या, असे म्हणणाऱ्यांना हे पत्र सहसा आठवत नाही.

केडगावात आणखी एक बदल घडला, ज्याची चर्चा त्या मानाने कमी होते. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळाने ज्या मुली आणल्या त्यांना जात विचारून घेतले नव्हते. त्यांतल्या बहुसंख्य शेतकरी, मजूर आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या होत्या. ‘हाय कास्ट’ हा शब्द जिच्या पुस्तकाच्या नावात होता, ती बाई चाळिशीच्या आत त्या चौकटीबाहेर आली. येथे पोथीबरोबर हातालाही काम दिले गेले. माग होते, तेलघाणा होता, शेती होती, गुरे होती, अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जात होती आणि बायकाच चालवीत असलेला छापखाना होता. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते. उमा चक्रवर्ती यांच्या १९९८ च्या ‘रीरायटिंग हिस्टरी’ या ग्रंथाने रमाबाईंना जात आणि पितृसत्ता यांच्या संदर्भात पुन्हा वाचले. पुढे मीरा कोसंबी यांनी त्यांचे मराठी लेखन इंग्रजीत आणले. कोसंबी त्याच महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राच्या संचालक होत्या, ज्याचा धागा शारदा सदनाशी जुळतो. मराठीत १९६० मध्येच देवदत्त नारायण टिळक यांचे विस्तृत चरित्र आले होते; पण ते वाचणारा वर्ग मर्यादित राहिला.

१८९८ नंतर मात्र मुक्तीचे ख्रिस्ती स्वरूप उघड आणि ठळक झाले. १९०५ मध्ये तेथे भक्तीची मोठी लाट उसळली. या काळातील रमाबाई व्याख्यात्यांच्या फारशा आवडीच्या नाहीत. तर्काने बिशपांना निरुत्तर करणारी विदुषी प्रार्थनेत हरवून गेली, अशी खंत ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार नाही. मात्र वीस वर्षांत दोन हजार जणींच्या अन्नाची, वस्त्राची, औषधाची व्यवस्था लावणारी बाई हरवली होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

शेवटची वर्षे त्यांनी एका प्रचंड कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. आधीची भाषांतरे शास्त्रीपंडितांच्या संस्कृतप्रचुर मराठीत होती; दुष्काळातून आलेल्या मुलींना ती उमगत नसत. तेव्हा कलकत्त्याच्या सभेत ‘सरस्वती’ ठरलेली ही पंडिता आपल्या भाषेतून संस्कृत शब्द एकेक करून निवडून बाजूला काढू लागली. पेठेतल्या विद्वानाला नव्हे, मळ्यातल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. खिळे जुळवण्यापासून पाने बांधण्यापर्यंतचे काम मुक्तीच्या बायकाच करीत होत्या.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. शिकूनसवरून आईच्या कामाला वाहून घेतलेली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढणारी ही एकुलती एक लेक चाळिसाव्या वर्षी गेल्यावर रमाबाई खचल्या, पण भाषांतराची मुद्रिते तपासणे त्यांनी थांबवले नाही. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांचे निधन झाले. छापून बांधलेला ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला.